सर्व्हरने मोडलेले शब्द आणि माझं लग्न

कुवेतमध्ये माझ्यासारखा संगणकवाला झाला नाही, असं मी त्या काळात शपथेवर सांगत असे. सांगत असे ते आमच्या फ्लॅटमधल्या मंडळींना. त्यात वेल्डर होता, सुतार होता, क्रेनवाला होता आणि एक एसी मेकॅनिक होता. सगळे कोकणातले, करारावर आलेले, बायका-मुलं गावी ठेवून एका स्वयंपाकघरात नांदणारे. मला खोटं पाडावं असं त्यांच्यातल्या कुणाला कधी वाटलं नाही, कारण बढाया मारायच्या नादात मी सगळ्यांची भांडी घासून टाकतो हे त्यांच्या केव्हाच लक्षात आलं होतं. भांडी जास्त असली की वेल्डर मुद्दाम विचारायचा, "मग काय म्हणतोय तुझा सर्व्हर?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी कंपनी राईमध्ये होती. राई म्हणजे गॅरेजं, गोदामं आणि सोफ्यांच्या शोरूम. आमचं ऑफिस एका टायरच्या गोदामाच्या वर होतं, आणि उन्हाळ्यात खालून रबराचा असा काही वास उठायचा की डब्यातली भेंडीसुद्धा रिट्रेड केल्यासारखी लागायची. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीला लागणारी पाइपांची ड्रॉइंग्ज आम्ही करून द्यायचो. शे-सव्वाशे ड्राफ्ट्समन, प्रत्येकापुढे एक मशीन, आणि सगळ्यांची ड्रॉइंग्ज सांभाळणारा एक फाइल सर्व्हर. तो सर्व्हर माझ्या ताब्यात. घरच्या पत्रात मी लिहिलं होतं की कुवेतचं निम्मं तेल माझ्या एका बोटावर वाहतं. उरलेलं निम्मं मी विनयाने सोडून दिलं होतं.

त्या पत्राचा परिणाम म्हणून माझं लग्न ठरलं. मुलीचे वडील आमच्या नाशिकचेच, वीज मंडळातून नुकतेच निवृत्त झालेले. ज्या गोष्टीत फ्यूज, वायर किंवा मोटर नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नसे, पण निम्म्या तेलापुढे त्यांचंही काही चाललं नाही. आधीच्या सुट्टीत मी मुलगी पाहून आलो होतो. मी इतका वेळ बोलत होतो की माझ्या चहावर साय धरली आणि ती सुकली. मुलीने तरीही होकार दिला. मुहूर्त निघाला, हॉल ठरला, आचारी ठरला, घोडा नको असं मी मोठ्या मनाने सांगितलं, आणि त्याच आठवड्यात सर्व्हर मंदावला.

मंदावला म्हणजे किती, हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल हा वाढवून सांगतोय. सकाळी ऑफिस उघडल्यावर पहिला अर्धा तास सगळं झकास. मग सगळे ड्राफ्ट्समन जागेवर बसले की जे ड्रॉइंग एरवी पापणी लवेपर्यंत उघडायचं, त्यासाठी माणूस खाली जाई, चहा पिई, टायरवाल्याशी क्रिकेटवरून भांडे, समेट करी, परत वर येई, तेव्हा पडद्यावर अर्धा व्हॉल्व्ह उमटलेला असे. उरलेल्या अर्ध्यासाठी तो पुन्हा खाली जाई. दुपार झाली की सर्व्हर आपोआप ताळ्यावर यायचा. त्या काळात खालच्या चहावाल्याने नवी गाडी घेतली. ती सर्व्हरच्या कृपेने घेतली असं माझं मत आहे.

आमच्या मॅनेजरला सगळे मुदीर म्हणत. अरबीत मॅनेजर म्हणजे मुदीर, आणि त्याचं दुसरं काही नाव असेल अशी आम्हाला शंकाही आली नाही. तो कुवेती, रुमैथियात राहायचा, हातात सदैव मण्यांची माळ. त्याचे वडील जुन्या काळी खजूर घेऊन मुंबईच्या बंदरात येत, त्यामुळे घरातच तो हिंदी शिकला होता आणि ती हिंदी तो आमच्यावर छडीसारखी वापरायचा. एका सकाळी तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. पडद्यावर अर्धा व्हॉल्व्ह होता.

"हबीबी," तो म्हणाला, "ये मशीन है या गधा?"

"सर, थोडा लोड है."

"गधे पे भी लोड होता है. वो चलता है." त्याने माळेचे दोन मणी सरकवले. "तेरी शादी कब है?"

मी तारीख सांगितली.

"जवाज मेरे पास है. सर्व्हर ठीक, जवाज तेरे पास. खलास."

जवाज म्हणजे पासपोर्ट. तेव्हा आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीकडेच असत, मुदीरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. सुट्टी मंजूर झाली की कपाट उघडायचं, पासपोर्ट हातात पडायचा, परत आलं की पुन्हा आत. कपाट न उघडता कुवेतमधून बाहेर पडणं मलाही जमलं नसतं, आणि मी म्हणजे किती थोर माणूस ते वर आलंच आहे. थोडक्यात, अर्ध्या व्हॉल्व्हचा पूर्ण व्हॉल्व्ह झाला नाही तर नाशिकमध्ये मंडप, आचारी, वऱ्हाड आणि मुलगी सगळे हजर असणार होते, आणि नवरा राईमध्ये टायरांच्या वर.

शहाण्या माणसाने अशा वेळी आधी पाहिलं असतं की सर्व्हरला झालंय काय. मी आधी घोषणा केली. धुळीचं वादळ येऊन गेलं होतं, तेव्हा मी सांगितलं की केबलींमध्ये धूळ गेलीय. केबलीत धूळ कशी जाते हे मुदीरने विचारलं नाही, आणि मला तरी कुठे माहीत होतं. दोन ड्राफ्ट्समन आणि मी, आम्ही तिघांनी मिळून ऑफिसातल्या सगळ्या केबली ओल्या फडक्याने पुसल्या. ऑफिस फार स्वच्छ दिसू लागलं. व्हॉल्व्ह अर्धाच राहिला. मग मी जाहीर केलं की डिस्क थकली आहे. नवी डिस्क दुबईहून मागवली. ती मी अशा गंभीर चेहऱ्याने बसवली की शस्त्रक्रिया चालू आहे समजून एक ड्राफ्ट्समन दाराशी उभा राहून मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होता. दुसऱ्या दिवशी सर्व्हर आणखी थोडा हळू झाला. नवी जागा मानवली नसावी.

तिकडून सासरे, म्हणजे होऊ घातलेले सासरे, ऑफिसात फोन करायचे. आवाज वीज मंडळाचा, खांबावरून खाली ओरडल्यासारखा.

"जावईबापू, तिकीट काढलंत ना?"

"काढलंच समजा, काका."

"समजा म्हणजे? सप्लाय चालू आहे समजा, असं आम्ही कधी ग्राहकाला सांगितलं नाही."

"इथे जरा जबाबदारी मोठी आहे हो. माझ्याशिवाय हलत नाही काही."

"मग तुमच्याशिवाय लग्न तरी कसं हलायचं?" ते म्हणाले आणि फोन ठेवला. आईचाही फोन आला. तिने एवढंच विचारलं, "अरे, तू येणार आहेस ना?" आणि माझी पाचावर धारण बसली, कारण आई इतकं थोडं कधीच बोलत नाही.

तेव्हा मी मॅन्युअल उघडलं. सर्व्हरबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं मी आल्या दिवसापासून मॉनिटर उंच करायला वापरत होतो. मॉनिटर खाली आला, मान मोडली, आणि मला कळलं की आपल्या सर्व्हरचं काम चालतं कसं. हे मी आता सांगतो, पण तेव्हा मला ते आधीपासून माहीत होतं असंच मी सगळ्यांना सांगितलं.

तर प्रकार असा. ड्रॉइंग असतं सर्व्हरवर. ड्राफ्ट्समनने ते उघडलं की त्याची एक प्रत त्याच्या मशीनवर जाते. मग पुढच्या वेळी त्याच मशीनने प्रत पुन्हा का मागायची? न मागता ती ताजी आहे हे कळणार कसं? म्हणून सर्व्हर प्रत देताना एक शब्द देतो. म्हणतो, बाबा रे, ही घेऊन जा आणि निर्धास्त वापर. मूळ फाइल कुणी बदलली तर मी आपणहून तुला कळवीन. या शब्दाला म्हणतात कॉलबॅक. सर्व्हरने शब्द दिला की मशीन निवांत. सतत येऊन विचारत बसत नाही, आणि सगळं ऑफिस वाऱ्यासारखं पळतं.

अडचण एवढीच की कुणाला, कोणत्या फाइलबद्दल, काय शब्द दिला हे सर्व्हरला लक्षात ठेवावं लागतं, आणि किती शब्द लक्षात ठेवायचे याचा आकडा आधी ठरवून द्यावा लागतो. तेवढे भरले की नवा शब्द द्यायला जागा नाही. मग सर्व्हर जुन्यांतले काही शब्द मोडतो. तोही सभ्यपणे, त्या मशीनला कळवतो की मी दिलेला शब्द परत घेतोय, यापुढे आपलं आपण विचारत जा. मशीन लगेच विचारायला येतं. त्याला नवा शब्द द्यायचा तर दुसऱ्या कुणाचा मोडावा लागतो. तो दुसरा विचारायला येतो. आता सर्व्हरला शब्द देण्यातून आणि मोडण्यातून ड्रॉइंग द्यायला फुरसत कुठली?

हे वाचताना मला घाम फुटला, कारण हा सर्व्हर मी ओळखत होतो. हा मीच होतो. फाहाहीलच्या एका दुकानात हापूसची पेटी उतरली की मला आधी कळायचं, म्हणून मी इमारतीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, "तुम्ही कशाला उन्हातान्हाच्या खेपा घालताय? पेटी आली की मी सांगतो." लोक माझ्यावर विसंबून घरी बसायचे. माझ्या डोक्यात पाच-सहा माणसं मावत, शब्द दिलेले होते पन्नासेक. सर्व्हर निदान शब्द मोडला तर कळवत तरी होता. मी मात्र आंबा खाऊन, हात धुऊन, तोंडावर काही दिसू न देता फिरत असे.

आता मोजायला हवं होतं. सर्व्हरला आतल्या गोष्टी विचारणारा एक छोटा प्रोग्राम मॅन्युअलमध्ये सापडला. किती शब्द दिलेले आहेत, किती जागा शिल्लक आहे, आणि जागा नाही म्हणून किती वेळा शब्द मोडावे लागले, हे तो थोड्या थोड्या वेळाने पडद्यावर टाकायचा. सकाळी मी तो चालू करून बसलो. पहिल्या अर्ध्या तासात शब्द भरभर वाढत गेले. मग जागा संपली, आणि मोडलेल्या शब्दांचा आकडा जो सुटला तो पेट्रोल पंपाच्या मीटरसारखा. कुवेतमध्ये पेट्रोल स्वस्त असल्यामुळे तिथलं मीटर जरा जास्तच जोरात पळतं, तर तसा. आकडा ठरवून दिलेला होता तो ऑफिस लहान असतानाचा. मधल्या काळात माणसं तिपटीने वाढली होती. ठरवणारा संगणकवाला कोण होता? माझ्या आधीचा. वाढ झाल्यावर तो आकडा बघायचा कुणी होता? ते जाऊ द्या.

इथे कोणीही दुसरा असता तर आकडा बेताने वाढवून पाहिला असता. मी नाशिककर. मुहूर्त तोंडावर आलेला. दुपारी बरीच मंडळी नमाजाला गेली की ऑफिस थंड असायचं, तेव्हा मी आकड्यापुढे एक शून्य लावलं. मनात म्हटलं, एक शून्य लावायला तर कोणीही लावील. म्हणून दुसरं लावलं. तिसरं लावलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढे मी घोड्यावर बसलेला दिसत होतो, जो घोडा मी नको सांगितला होता. चौथं कधी लागलं ते कळलं नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला.

तो पुन्हा चालू झाला असं म्हणता येईल. पण इतके शब्द लक्षात ठेवायची तयारी म्हणून त्याने मशीनची सगळी मेमरी आधीच अडवून टाकली, आणि कामाला म्हणून काही उरलंच नाही. आधी निदान अर्धा व्हॉल्व्ह यायचा. आता पडदे असे पांढरे शुभ्र, की चहावालाही वर आला, बघायला, की आज गिऱ्हाईकं खाली उतरतच का नाहीत. नव्या डिस्कमधून जात्यासारखी घरघर येत होती. मुदीर आला. सगळे ड्राफ्ट्समन खुर्च्या फिरवून माझ्याकडे तोंड करून बसले होते, नाटकाला बसल्यासारखे.

"शिनो हाथा?" मुदीर म्हणाला. हे काय आहे, असा त्याचा अर्थ. तो अरबीत बोलला की खरा चिडलेला असे.

"सर," मी म्हणालो, "सर्व्हर सोच रहा है."

"वो सोचेगा, तो तू क्या करेगा?"

मी शून्यं काढली, सर्व्हर पुन्हा चालू केला, अर्धा व्हॉल्व्ह परत आला, आणि ड्राफ्ट्समननी टाळ्या वाजवल्या. मुदीर जाताना दाराशी थांबला आणि कपाट आहे त्या दिशेने माळ हलवली.

त्या संध्याकाळी फ्लॅटवर मी पहिल्यांदा मुकाट्याने भांडी घासली. कुकर घासून झाला तरी मी गप्प, म्हणून क्रेनवाल्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. एसी मेकॅनिक कुडाळकडचा. त्याला दुःखात माणसं आवडत. तो भिंतीला टेकून म्हणाला, "अरे मेल्या, मशीन म्हणजे काय, तापला की बसता. माका इचार. तुझ्या त्या खोलीतलो एसी मी बघितलंय, तो वारो घालता, थंड करीत नाय."

"एसीचा काही संबंध नाही रे. तो शब्द देतो आणि मोडतो."

"कोण, एसी?"

"सर्व्हर!"

"मग थंड करूक होयो," तो ठाम म्हणाला. "तापलेलो माणूस काय पण शब्द देता."

मी वाद घातला नाही. पण त्याच्या अंगावर ओरडून झाल्यावर माझं डोकं जरा ताळ्यावर आलं, आणि मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते करायला बसलो: हे इतके शब्द लागतात तरी कोणाला? दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे आणि ड्राफ्ट्समनांची मशीनं समोरासमोर ठेवून पाहिलं. भानगड निघाली ती आमच्या चिन्हांच्या कपाटात. व्हॉल्व्ह, पंप, बेंड, फ्लँज, असल्या हजारो बारक्या चिन्हांच्या फाइली एका फोल्डरमध्ये होत्या, आणि ड्रॉइंगचा प्रोग्राम चालू होताना प्रत्येक मशीन त्यातली एकूण एक फाइल उघडून बघायचं. म्हणजे रोज सकाळी प्रत्येक मशीनला हजारो शब्द, एकाच कपाटाबद्दल. आणि त्या कपाटात गेली कित्येक वर्षं कोणी काही बदललेलं नव्हतं. व्हॉल्व्ह हा व्हॉल्व्हच राहतो. सर्व्हर बिचारा, जे कधी बदलणारच नाही त्याबद्दल शे-सव्वाशे मशीनांना हजारो वेळा सांगत होता की बदललं तर कळवतो हं.

मॅन्युअलमध्ये यावर तोडगा होता, आणि तो मी ज्या पुस्तकावर मॉनिटर ठेवला होता त्यातच होता. कपाटाची फक्त वाचायची, न बदलणारी अशी एक प्रत करून ठेवायची. मग सर्व्हर एका मशीनला सबंध कपाटासाठी मिळून एकच शब्द देतो. हजारोंच्या जागी एक. आणि वरचा आकडा सकाळच्या गर्दीपेक्षा थोडासाच मोठा ठेवायचा. शून्यं न लावता, माणसासारखा.

हे करायला सर्व्हर बंद ठेवावा लागणार, म्हणून मी शुक्रवार धरला, ऑफिसला सुट्टी असायची तो. सकाळी एकटाच गेलो. खालचं टायरचं गोदाम बंद, चहावाला बंद, राई सबंध झोपलेली. प्रत करायला सोडली आणि बसलो, तर दार ढकलून आमचा एसी मेकॅनिक आत. खांद्यावर गॅसची नळकांडी, हातात पाना.

"हय काय करतंस रे सुट्टीदिवशी?"

"तू काय करतोयस?"

"मुदीरान आमच्या कंपनीत फोन केल्यान. सर्व्हरची खोली तापता म्हणून. मी त्या दिवशी म्हटलंच होतं तुका." त्याने एसीचं पोट उघडलं आणि आत डोकावून शिटी वाजवली. "आई शप्पथ! ह्यात वाळवंट भरलाहा सगळा."

आम्ही दिवसभर त्या एकाच खोलीत आपापलं काम केलं. तो फिल्टर धुवायचा, पाणी माझ्या अंगावर उडायचं. मी बाहेरच्या मशीनवर प्रत बघायला दार उघडायचो, तो ओरडायचा, "दार लाव, धूळ येता!" दुपारी त्याच्याच डब्यातला भात आणि सुकट खाल्ली. संध्याकाळी सर्व्हर चालू केला. एसीही चालू केला. खोली अशी गारठली की आम्ही दोघे कॅलेंडरच्या कागदाने वारा घालत बसायच्या सवयीने उगाच हात हलवत बसलो होतो. मी आकडे पाहिले आणि खुर्चीत उडी मारली, पण खुर्चीतून उठून मारायला जागा नव्हती, म्हणून बसल्या बसल्याच मारली.

शनिवारी सकाळी सगळे ड्राफ्ट्समन आले. अर्धा तास झाला. एक तास झाला. व्हॉल्व्ह पूर्ण, पंप पूर्ण, अख्खी पाइपलाइन पापणी लवायच्या आत. मोडलेल्या शब्दांचा आकडा सबंध सकाळ जागचा हलला नाही. खाली चहावाला हात चोळत फिरत होता. मी छाती काढून मुदीरच्या येण्याची वाट पाहत होतो. शब्द म्हणजे काय, कपाट म्हणजे काय, मी हे कसं शोधून काढलं, सगळं भाषण पाठ होतं. शून्यांचा भाग वगळून.

मुदीर आला. मशीनं पाहिली. मग सरळ सर्व्हरच्या खोलीत गेला, एसीच्या झडपेपुढे हात धरला, डोळे मिटले, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला वाटलं आता गाणं म्हणतो.

"देखा?" तो म्हणाला. "गर्मी का मुश्किला था. तू इतने दिन किताब पढ़ता रहा. एसीवाले ने एक दिन में ठीक किया."

माझं तोंड उघडलं. भाषण जिभेवर आलं. आणि त्याच वेळी त्याने खिशातून कपाटाची किल्ली काढली. किल्ली बोटाभोवती फिरवत तो म्हणाला, "अब एसी ठीक है, तो तेरा यहाँ क्या काम? जा, शादी कर."

मी जन्मात पहिल्यांदा बोलण्याआधी विचार केला. आता मी म्हटलं असतं, सर, हे एसीने झालेलं नाही, हे मी केलं, तर पुढे दोनच वाटा होत्या. एक, तो विचारणार, तर मग ते केबल पुसणं आणि दुबईची डिस्क कशासाठी? दुसरी त्याहून वाईट, त्याला पटणार. त्याला पटलं की हा माणूस इतका मोलाचा आहे, तर तो माझी सुट्टी मंजूर करील? किल्ली खिशात जाणार आणि मी राईमध्ये टायरांच्या वर. कुवेतच्या निम्म्या तेलाला एका बोटावर नाचवणारा मी, माझ्या आयुष्यातल्या एकमेव खऱ्या पराक्रमाच्या दिवशी काय म्हणालो?

"सही बात, सर. एसी ही था."

हे सहा शब्द बोलायला मला जो त्रास झाला तो डिस्कला झाला नसेल.

मुदीर इतका खूश झाला की पासपोर्ट हातात देऊन म्हणाला, आत्ता इथूनच घरी फोन कर. स्वतः नंबर फिरवला, स्पीकर चालू केला, आणि माळ घेऊन समोर बसला. मुंबईच्या खजुरामुळे त्याला हिंदी येत होतीच, मराठीही अर्धीअधिक कळायची.

"काका, येतोय मी! पासपोर्ट मिळाला!"

"अरे वा! पण एवढं अडलं होतं कशावर?"

मी मुदीरकडे पाहिलं. मुदीर भुवया उंचावून पाहत होता.

"एसी... एसी बिघडला होता, काका. इथल्या मोठ्या खोलीतला."

मग त्या वीज मंडळाच्या आवाजात जे प्रेम उतरलं ते मी आजवर त्या आवाजात ऐकलं नव्हतं. "एसी! कॉम्प्रेसर गेला होता का?"

"हो... तसंच."

"आणि दुरुस्त कोणी केला?"

मुदीरने माझ्याकडे बोट दाखवून मान डोलावली, की बोल, तूही मदत केली म्हण. मी कालच्या सुकटीची शपथ घेऊन सांगतो, मला तो शब्द तोंडातून काढायचा नव्हता.

"आम्हीच केला," मी म्हणालो.

"शाब्बास! हे आधी नाही का सांगायचं? मी समजत होतो तुम्ही नुसते त्या पडद्यापुढे बसता!"

फ्लॅटवर एसी मेकॅनिकने विजयाची पार्टी मागितली आणि मी दिली. तो बिर्याणी खाता खाता म्हणाला, "बोललंय ना तुका? थंड केलो." मी मान हलवली. अजून दोन दिवस होते निघायला, आणि मुदीरच्या ऑफिसात त्याची ये-जा होती.

लग्न झालं. थाटात झालं. मंडपात मी माझ्या होणाऱ्या मेव्हण्याकडून, चुलतसासऱ्यांकडून आणि ज्यांना मी ओळखत नाही अशा एका पगडीवाल्या गृहस्थांकडून एकच गोष्ट ऐकली: "कुवेतमध्ये मोठमोठे एसी दुरुस्त करतात म्हणे तुम्ही." सासऱ्यांनी सबंध नाशिकला सांगितलं होतं. मंगलाष्टकं चालू असताना आचाऱ्याने निरोप पाठवला की मोकळे झाले की जरा पाण्याची मोटर बघतील का.

लग्नानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही सासरी जेवायला गेलो. जेवण झालं, सुपारी झाली, आणि सासऱ्यांनी फ्रीज भिंतीपासून ओढून पुढे घेतला. पाना, टेस्टर, पकड, सगळं पाटावर मांडलेलं, पूजेसारखं. "गेल्या महिन्यापासून कूलिंग करत नाही," ते म्हणाले. "मी मेकॅनिकला बोलावलंच नाही. म्हटलं, घरचा माणूस येतोय." मग शेजारच्यांना बोलवायला ते स्वतः गेले, बघायला या म्हणून.

मी कोट काढला. फ्रीजच्या मागे बसलो. बाजूला माझी नवी बायको टॉर्च धरून उकिडवी बसली होती, हातात अजून हिरवा चुडा. मी एका नळीकडे बघितलं, मग दुसऱ्या नळीकडे. मेकॅनिक फ्लॅटवर करायचा तसं ओठांनी शिटी वाजवली. फडक्याने जाळी पुसली, कारण पुसणं मला येत होतं. पुसता पुसता प्लग हाताला लागला, तो अर्धवटच बसला होता. मी तो आत दाबला आणि फ्रीज हंबरून चालू झाला.

दारात शेजाऱ्यांनी "वा!" म्हटलं. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मला उठवून मिठी मारायला आले, पण मी अजून फ्रीजच्या मागे अडकलेलो होतो, म्हणून ते शेजाऱ्यांना घेऊन बर्फी आणायला गेले.

टॉर्च माझ्या चेहऱ्यावर आली.

"खरं सांगा," बायको हळूच म्हणाली, "यातलं काही येतं तुम्हाला?"

"नाही."

लग्नाआधी आणि नंतर मी तिला दिलेलं हे सगळ्यात छोटं उत्तर. ती हसायला लागली. इतकी हसली की टॉर्च भिंतीवर नाचू लागली. "मग बाबांना सांगू नका," ती म्हणाली. "ते फार खूश आहेत."

"नाही सांगत."

"आणि मला सांगा, तिथे खरं काय केलंत? थोडक्यात."

मी थोडक्यात सांगायला सुरुवात केली. परतीच्या विमानाची वेळ झाली तेव्हा मी दुबईहून आलेल्या डिस्कपर्यंत पोचलो होतो.